घरातलं नाक

लोक कामावरून घरी आले की चपला काढतात, तोंड धुतात, चहा मागतात. मी घरी आले की दारातच माझ्या नाकाखाली सासऱ्यांचा स्वेटर येतो.

"बघ गं," सासूबाई म्हणतात. "सिगारेट ओढून आलेत का?"

"आई, मला आत तर येऊ द्या."

"आत आलीस की घरातले वास मिसळतील. आधी हुंग."

मी साबणाच्या कारखान्यात वास तपासते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच दंड वर करून स्वतःची बगल तपासतात. काम साधं आहे. नव्या साबणाचा किंवा पावडरीचा वास कागदाच्या पट्टीवर घ्यायचा आणि त्यात काय काय आहे, काय जास्त झालंय, काय खवट व्हायला लागलंय ते सांगायचं. एका वासावरून दुसऱ्याकडे जाताना स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगायची, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. कारखाना बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, या बायकांना वेड लागलंय, आळीपाळीनं आपलेच हात हुंगत बसतात. अत्तर लावायचं नाही, दुपारी कांदा खायचा नाही, आणि सर्दी झाली तर बिनबोभाट रजा. शिंकलं की सुट्टी देणारी नोकरी जगात दुसरी नसेल.

नाकावरच पोट आहे म्हटल्यावर माझं नाक थोडं वर असणारच. नवरा म्हणतो, रागही तिथेच बसलेला असतो. असू दे. दिवसभर हुंगून आल्यावर घरीही तीच ड्यूटी लागली तर कुणाला राग येणार नाही?

आणि नुसता स्वेटर नाही. "हे दूध नासलंय का बघ." "टॉवेलला ओलसर वास येतोय का?" "ही पालेभाजी कालची वाटते का गं?" मी आंघोळीला निघाले की टॉवेल, जेवायला बसले की पातेलं. एकदा तर पायपुसणं आणलं होतं.

"तुझ्या आईनं मला पोलिसातलं कुत्रं करून टाकलंय," मी नवऱ्याला म्हणाले.

"तिला कौतुक आहे तुझं."

"कौतुक नाही, परीक्षा आहे."

मला तसंच वाटत होतं, आणि त्याला कारण होतं. सासूबाईंचं नाक काही कमी नव्हतं. मी या घरात आले तेव्हा जिन्यात उभं राहून त्या सांगायच्या, वरच्या मजल्यावर दूध उतू गेलंय आणि समोरच्यांनी भिंतीला रंग काढलाय. सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, सिगारेटचे शौकीन. छातीनं कुरकूर केली तेव्हा डॉक्टरांनी सिगारेट बंद केली. पण डॉक्टरांना कोण भितं? ते भ्यायचे सासूबाईंच्या नाकाला. एवढं चांगलं नाक असलेली बाई मला रोज विचारते, म्हणजे ती माझी उत्तरं आपल्या उत्तरांशी ताडून बघते, असा माझा ठाम समज होता. मग मीही हट्टाला पेटायचे आणि बारकाईनं हुंगायचे.

एकदा स्वेटरला खरंच धूर लागलेला होता. सासऱ्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. मी नीट बघितलं. धूर फक्त उजव्या खांद्यावर होता, बाह्यांच्या टोकाशी काहीच नाही. ओढणाऱ्याच्या बाह्या आधी बोलतात.

"धूर शेजाऱ्याचा आहे," मी म्हणाले. "बाबा बागेत ज्यांच्या डावीकडे बसतात त्यांचा."

"बघ! बघ!" सासरे ओरडले. "मी हेच सांगत होतो!" दुसऱ्या दिवशी माझ्या उशीखाली चॉकलेट निघालं.

त्याच सुमारास घरात गुंडीची गडबड सुरू झाली. गुंडी म्हणजे माझ्या नणंदेची, ताईंची मुलगी. नाक इतकं छोटं आणि गोल की शर्टाला शिवावं, म्हणून हे नाव. ती वसंतात जन्मली. आता ताईंची रजा संपत आली होती. त्या दवाखान्यात एक्स-रे काढतात. सोमवारपासून त्या कामावर जाणार आणि गुंडी दिवसभर आमच्याकडे, सासूबाईंजवळ राहणार, असं ठरलं. सासूबाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी पाळण्याची चाकं स्वतः तेल घालून फिरवली, खिडकीच्या गजांना जाळी लावून घेतली, आणि मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी या घरात कुणीतरी माझं ऐकणारं येतंय."

त्या आठवड्यात एकदा कारखान्यात वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. किल्लीनं दार उघडलं आणि जागच्या जागी थांबले. गॅस. करपलेलं दूध आणि गॅस.

सासूबाई स्वयंपाकघरात नुकत्याच शिरत होत्या. बहुधा आतल्या खोलीत पाळण्याशी खेळत बसल्या असाव्यात. शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, बटण तसंच चालू होतं. सासूबाई गुणगुणत होत्या आणि त्यांच्या हातात लायटर होता.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातून लायटर पडला. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं.

"अगं, झालं काय?"

"गॅस भरलाय घरात! तुम्हाला वास नाही आला?"

"आला ना. येत होता थोडा. सर्दी झालीय मला, म्हणून जरा कमी."

आवाज घंटेसारखा स्वच्छ. सर्दीचा आवाज मी लांबून ओळखते, आमच्याकडे त्यावर रजा मिळते. आणि घर पुरतं हवेशीर होऊन आम्ही आत आलो तेव्हा त्या नाक वर करून म्हणाल्या, "हं, अजून येतोय बघ." तेव्हा तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

मग मी जे केलं ते सवयीनं केलं, एवढंच म्हणू शकते. माझ्या पिशवीत पट्ट्या असतात. एक काढून मी त्यांच्यासमोर धरली. "हा कशाचा वास, आई?"

त्यांनी पट्टी हातात घेतली. पुष्कळ वेळ हुंगली. मग पट्टीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे उत्तर लिहिलंय का ते शोधत. "लिंबू," त्या म्हणाल्या. "छान आहे."

पट्टी कोरी होती. आम्ही तिला सापळा म्हणतो. वास येत नसताना येतो म्हणणारा माणूस त्यात अडकतो आणि मग त्याला दुसऱ्या खात्यात पाठवतात.

"कोरी आहे ती," मी म्हणाले. चोर पकडल्याच्या सुरात म्हणाले.

सासूबाईंनी ती पट्टी दुमडली, पुन्हा दुमडली, आणि मुठीत धरून स्टुलावर बसल्या. मला एकदम माझीच शरम वाटली. मोठं नाक घेऊन मी कुणाला पकडलं होतं? माझ्याच सासूला, तिच्याच स्वयंपाकघरात.

"हिवाळ्यात तो ताप आला होता ना," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून. ताप गेला, जाताना हेही घेऊन गेला. मला वाटलं, येईल चार दिवसांनी. नाही आलं."

"मग बोलला का नाहीत? आणि स्वयंपाक?"

"हात सांगतो मीठ किती ते. नाक काय करायचंय." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "उरलेलं तुला विचारत होते ना मी. दूध, भाजी, टॉवेल. तुला नाही तर कुणाला विचारणार? बाकीच्यांची नाकं नुसती चष्मा अडकवायला."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. इतके महिने ही बाई माझी परीक्षा घेतेय म्हणून मी धुसफुसत होते, आणि ती माझ्या नाकानं घर चालवत होती. रोजच्या रोज, गुपचूप, माझ्यावर पूर्ण भरवसा टाकून. माझ्या नाकाला सगळं कळतं, पण मला काडीचंही कळलं नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस," त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या नणंदेला कळलं तर ती गुंडीला पाळणाघरात टाकेल. तू बघितलास ना पाळणा? मी चाकांना तेल घातलंय."

'नाही सांगणार' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. म्हणणं किती सोपं होतं. पण करपलेल्या दुधाचं पातेलं समोर होतं आणि लायटर जमिनीवर.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुम्ही सांगायचं. सोमवारच्या आत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मला सांगावं लागेल, आई."

त्यांनी माझा हात सोडला. "आधी सापळा, मग फाशी. चांगली शिकली आहेस."

नंतर त्या माझ्याशी बोलेनात. स्वेटरही आला नाही. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा मी सरळ घरात शिरले आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. पण मी गप्प बसले नाही. आमच्या खात्याच्या प्रमुख बाईंना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी नाकाच्या डॉक्टरांकडे ने. आणि तिला खोटा धीर देऊ नकोस, खोटी भीतीही घालू नकोस." डॉक्टरांकडे जाताना सासूबाई बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसल्या, शेजारी नाही. डॉक्टर म्हणाले, तापानं वासाची नस दुखावली आहे. ओळखीचे वास रोज, आठवत आठवत हुंगायचे. परत येईलही, येणारही नाही. येताना मी गॅस गळला की बोंब मारणारं यंत्र विकत घेतलं. नवऱ्यानं ते शेगडीच्या बाजूला बसवलं आणि कशाला म्हणून विचारलं. "मूल येणार आहे घरात," सासूबाईच म्हणाल्या. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं.

रविवारी ताई गुंडीला आणि गुंडीच्या सामानाला घेऊन आल्या. सामान इतकं होतं की गुंडी परदेशी निघाली आहे असं वाटावं. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत बसलो. ताई सूचना देत होत्या: दूध किती कोमट, झोपवताना कुठल्या कुशीवर. सासूबाई गुंडीला मांडीवर घेऊन "हो, हो" करत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात गुंडीनं आपलं काम उरकलं.

ज्यांची नाकं नुसती चष्मा अडकवायला होती त्यांनाही ते ताबडतोब समजलं. नवरा खोकला. सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडावर धरलं. मी तर व्यावसायिक, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि या सगळ्या घमघमाटाच्या मधोमध सासूबाई नातीच्या गालाचे मुके घेत बसल्या होत्या, तिला जवळ घेऊन, हसत.

"काय झालं?" त्यांनी वर बघितलं. "असे काय बघताय सगळे?"

"आई!" ताई हसत सुटल्या. "तुला वास येत नाही की काय?"

गमतीनंच विचारलं होतं त्यांनी. मी उठले असते, 'द्या इकडे, मी बदलते' म्हणाले असते, तर प्रश्न हसण्यावारी गेला असता. माझे गुडघे हललेही. पण मी तशीच बसून राहिले. कधी काही न करणं इतकं जड गेलं नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. कसलाच. हिवाळ्यापासून." आणि एका दमात सगळं सांगितलं. ताप, दूध, टॉवेल, गॅस, लायटरसुद्धा. माझं नाव घेतलं ते फक्त "हिनं मला ओढून बाहेर काढलं" एवढ्यापुरतं. सापळ्याबद्दल चकार शब्द नाही. मी ते कधी विसरणार नाही.

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात वर्तमानपत्र खाली आलं.

"थांब," सासरे म्हणाले. "हिवाळ्यापासून?"

"हो."

"मी सिगारेट सोडली ती वसंतात."

"मग?"

"मग काय मग! तुझ्या नाकाच्या धाकानं सोडली मी! झुरका घ्यायला बागेत दहादा हात खिशात गेला आणि दहादा तुझं नाक आठवलं. सूनबाईचं नाक मी नुसतं साक्षीला धरत होतो, आणि तुझं केव्हाचं रजेवर! माझा एवढा संयम फुकट गेला की!"

आधी नवरा हसला, मग मी, मग सासूबाई इतक्या हसल्या की मांडीवरची गुंडी उड्या मारायला लागली. "फुकट कुठे गेला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "छाती बघा, आता कुरकूरसुद्धा करत नाही." ताईही हसल्या, पण अर्धवट. त्यांनी गुंडीला उचललं, तिथेच गालिच्यावर तिचा डायपर बदलला, आणि बदलता बदलता मान वर न करता म्हणाल्या, "मी दिवसभर लोकांची हाडं आरपार बघते, आणि आईच्या तोंडावरचं मला दिसलं नाही. वहिनी, तू सांग. यातलं तुला कळतं. ठेवू का हिला इथे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई मात्र जमिनीकडे. मला गोड बोलायचं होतं आणि मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधली वाट मला तोवर नीट सापडली नव्हती.

"आईंना गॅसचा वास येणार नाही," मी म्हणाले. "करपल्याचा नाही, दूध नासल्याचा नाही. कदाचित कधीच नाही. म्हणून यंत्र बसवलंय. गुंडी इथे असताना गॅस पेटवायचा नाही, दूध विजेच्या किटलीत तापवलेल्या पाण्यात बाटली ठेवून कोमट करायचं. नासलंय का ते सकाळी मी बघून जाईन. डायपर वास घेऊन नाही, हात लावून बघायचा. एवढं पाळलं तर बाकी सगळ्याला नाक लागत नाही." मग मला राहवलं नाही. "आणि ताई, आपल्याला काय येत नाही हे चारचौघांत सांगणारा माणूस पाळणाघरात मिळेल की नाही, मला माहीत नाही. मी असते तर यांच्याकडेच ठेवलं असतं."

ताईंनी गुंडीचं शेवटचं बटण लावलं. तिला उचलून थोडा वेळ छातीशी धरलं. मग उठून तिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "उद्या आठला आणते," त्या म्हणाल्या. "आणि आई, काही झालं तर लपवायचं नाही. मला फोन करायचा."

"करेन," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मात्र खरोखर सर्दी झाल्यासारखा येत होता.

आता आमच्याकडे रोज सकाळी वर्ग भरतो. आमच्या बाईंनी मला झाकणाच्या छोट्या बाटल्या दिल्या आहेत. एकीत लिंबाची साल, एकीत लवंगा, एकीत गुलाबपाणी. ताई गुंडीला सोडून गेल्या आणि मी कामावर निघायची, मधल्या वेळात सासूबाई स्टुलावर बसून एकेक हुंगतात. मी समोर बसते. "काही नाही," त्या म्हणतात. पुढची. "काही नाही." एकदा लवंगेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण तुला बरं वाटावं म्हणून मी म्हणत असेन, लिहू नकोस." मला त्या उत्तराचा जितका अभिमान वाटला तितका आमच्या खात्यातल्या कुणाचाही वाटला नाही.

डॉक्टरांनी चार वास सांगितले होते. चौथी बाटली रिकामीच होती. परवा मी म्हणाले, "आई, चौथा तुम्ही निवडा. तुमच्या आवडीचा."

त्या पाळण्याकडे गेल्या आणि गुंडीचं काल बदललेलं झबलं घेऊन आल्या. "हे मावेल का बाटलीत?"

मला सांगणं भाग होतं. "यानं उपयोग होणार नाही, आई. आठवून हुंगायचं असतं. आधी कधीतरी आलेला वास हवा."

"तेच तर," त्या झबल्याची घडी घालत म्हणाल्या. "ताप हिवाळ्यातला, आणि ही वसंतातली. हिचा वास मला आलाच नाही कधी."

पाळण्यात गुंडी पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

"तू सांग ना," सासूबाई म्हणाल्या. "तुझं तर कामच ते. कसा येतो?"

मला उशीर होत होता. मी पिशवी खाली ठेवली. कोपर हुंगून नाक कोरं केलं, पाळण्यावर वाकले आणि गुंडीच्या टाळूला नाक लावलं. तिनं माझे केस धरले. कारखान्यात आम्ही वासांना नावं देतो ती पुस्तकातली असतात, सासूबाईंना त्यांचा काय उपयोग? मी त्यांच्याच घरातले वास शोधायला लागले, त्यांना आठवतील असे.

"कोमट दुधावर साय धरायच्या आधी येतो, तसा," मी म्हणाले.

सासूबाईंनी डोळे मिटले. "हं."

"उन्हातून काढलेली चादर घडी घालताना तोंडाशी येते ना, तसा. आणि गरम पाव मोडला की पहिली वाफ, अगदी थोडी."

"हं. हं. आणि?"

मी पुन्हा हुंगलं. आणखी एक वास होता, इतका ओळखीचा की मी त्याला गुंडीचा म्हणून मोजलाच नव्हता. हात धुतल्यावर राहणारा साबण, सुती साडी, आणि मानेवरचा किंचित घाम. लग्न होऊन आल्या दिवसापासून मी तो ओळखते.

"आणि बराचसा तुमचा," मी म्हणाले. "दिवसभर तुमच्या मानेपाशी झोपते ना, तिला लागलाय."

सासूबाईंनी डोळे उघडले. भरले होते, पण त्या हसत होत्या.

"मग चांगलाच असणार," त्या म्हणाल्या, आणि गुंडीला उचलून मानेपाशी धरलं.